परसातील कोंबडी आणि गावचा नियम

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत घरामागचा परस आणि त्या परसात फिरणाऱ्या कोंबड्या यांची फारकत कधी झाली नाही. भाताची कणी, कोंडा, खळ्यावर सांडलेले धान्य, गवतातील किडे आणि वाळवी एवढ्यावर येथील गावठी कोंबडी वाढते. तिच्यासाठी वेगळे भांडवल लागत नाही. मजुरी नसलेल्या दिवसांत आठवडी बाजारात चार अंडी किंवा एखादा नर विकून मीठ-तेलाची सोय होते. पाहुणा आला, बाळंतीण घरी आली, गावदेवाचे कार्य निघाले, तर त्या प्रत्येक प्रसंगी परसातील कोंबडीच उपयोगी पडते. या कोंबड्यांची देखभाल बहुतेक ठिकाणी स्त्रियांकडे असते आणि त्यांपासून मिळणारा पैसाही प्रायः त्यांच्याच हाती राहतो.

हा व्यवसाय मागे पडत चालला आहे, असा समज शहरी भागात आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लक्ष पक्षी परसातील होते आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत त्यांच्या संख्येत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. अर्थात मोठमोठ्या पोल्ट्री फार्मच्या काळातही परसातील कोंबडी टिकून आहे आणि वाढतही आहे.

असे असले तरी एक प्रश्न अलीकडे या दोन्ही जिल्ह्यांत वारंवार पुढे येतो. आपल्या घरी कोंबड्या पाळण्यास नियमाने परवानगी आहे काय? शेजाऱ्याने तक्रार केली तर काय होईल? आणि अशी तक्रार पुढे आल्यास सरपंचाने, मुख्याधिकाऱ्याने किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने काय करावे? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाव तेच, नियम नवा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी आजची बहुतेक तालुक्याची ठिकाणे ग्रामपंचायतीची गावे होती. २०१५ च्या सुमारास अहेरी, एटापल्ली, भामरागड, धानोरा, कुरखेडा, कोरची, मुलचेरा, चामोर्शी, सिरोंचा, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील सावली, गोंडपिपरी, पोंभुर्णा, कोरपना, जिवती अशा ठिकाणी नगरपंचायती अस्तित्वात आल्या. खुद्द चंद्रपूर शहराची नगरपरिषद जाऊन २०११ साली महानगरपालिका झाली.

कागदोपत्री हा बदल एका अधिसूचनेने झाला. घरे तीच राहिली, परसही तेच राहिले आणि कोंबड्याही त्याच राहिल्या. परंतु कारभाराचा कायदा बदलला. जे गाव काल महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली होते, ते महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली आले.

या बदलाचा अर्थ संविधानाच्या दोन अनुसूची शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होतो. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपविता येतील अशा विषयांची ती यादी आहे. तिच्यातील चौथा विषय ‘पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन’ हा आहे. त्याच वर्षी अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली. या यादीत कुक्कुटपालनाचा उल्लेख नाही. जनावरांचा संबंध तेथे येतो तो कोंडवाडे, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध आणि कत्तलखान्यांचे नियमन यांपुरता. त्यांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय आहे.

याचा परिणाम असा की, जी कोंबडी ग्रामपंचायतीच्या दप्तरात विकासाचा विषय होती, ती नगरपंचायतीच्या दप्तरात स्वच्छतेचा विषय ठरते. ग्रामपंचायत असताना ज्या बाईला शासकीय योजनेतून पिल्लांचे वाटप झाले, तिलाच काही वर्षांनी घाणीबद्दल नोटीस येऊ शकते. शिवाय ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही संपते. आपले म्हणणे चारचौघांत मांडण्याची जुनी जागा जाते आणि नवी व्यवस्था लोकांच्या अंगवळणी पडण्यास वेळ लागतो.

दुसरा प्रकार वसाहतींचा. कोळसा खाणी, वीज केंद्र, कागद कारखाना, आयुध निर्माणी आणि सिमेंट उद्योग यांमुळे चंद्रपूर जिल्ह्यात कामगार वसाहती मोठ्या संख्येने आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांची निवासस्थाने दोन्ही जिल्ह्यांत आहेत. येथे राहणाऱ्याचा हक्क निवासस्थानाच्या वाटपपत्रातील अटींवर अवलंबून असतो. त्या अटींत पशुपक्षी पाळण्यास मनाई असेल, तर ती पाळावी लागते. गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतही संस्थेचे उपविधी पाहणे आवश्यक असते. स्वतःच्या मालकीचे परस आणि वाटपात मिळालेले निवासस्थान यांतील हा भेद अनेकदा लक्षात घेतला जात नाही.

कायदा नेमके काय सांगतो?

राज्यातील कोणत्याही नागरिकाने आपल्या परसात चार कोंबड्या पाळू नयेत, असे सांगणारा सरसकट कायदा नाही. निरनिराळे कायदे कोंबड्यांच्या पालनाला निरनिराळ्या बाजूंनी स्पर्श करतात. ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

पहिली बाजू उपद्रवाची. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. परिसरात राहणाऱ्या लोकांना सामान्यपणे इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य तीत अभिप्रेत आहे. असा उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ अन्वये कार्यकारी दंडाधिकाऱ्यास सशर्त आदेश काढता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, हा अधिकार सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. बांधावरून किंवा भिंतीवरून दोन शेजाऱ्यांत जुना वाद असेल आणि कोंबडी केवळ निमित्त असेल, तर तो वाद या कलमाखाली मिटविता येत नाही. दोन, ज्याच्यावर आदेश काढला त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. संधी न देता कोंबड्या उचलून नेणे या तरतुदीत बसत नाही.

दुसरी बाजू स्थानिक उपविधींची. नगरपरिषद किंवा नगरपंचायत यांना जनावरे पाळण्याविषयी उपविधी करता येतात. परंतु सभेत संमत झालेला ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधीसाठी कायद्यात सांगितलेली रीत पाळावी लागते आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून ‘आमच्या येथे बंदी आहे’ असे कोणी सांगितले, तर ती बंदी कोणत्या उपविधीत आहे आणि तो केव्हा मंजूर झाला, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. ते लेखी सांगणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे.

तिसरी बाजू मोठ्या फार्मच्या नियमांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०२० मधील आदेशानंतर कुक्कुटपालन केंद्रांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. त्यांत लोकवस्तीपासूनच्या अंतराची अट आहे. मात्र ही तत्त्वे हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत. त्यांतील सर्वांत लहान वर्गही पाच हजार पक्ष्यांपासून सुरू होतो. हीच अंतराची अट दहा कोंबड्यांच्या खुराड्याला लावणे म्हणजे नियमाचा चुकीचा अर्थ लावणे होय. याउलट, परसातील कोंबड्या असे म्हणत वस्तीत पाचशे पक्ष्यांची शेड उभी करणाऱ्यालाही परसाच्या नावाखाली सवलत मागता येणार नाही. प्रमाण बदलले की विषयाचे स्वरूपही बदलते.

चौथी बाजू विक्रीची. घरी खाण्यासाठी कोंबडी पाळणे वेगळे आणि मांस विकणे वेगळे. मांसविक्रीला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना लागतो आणि स्थानिक संस्थेचे नियमही लागू होतात.

पाचवी बाजू झुंजींची. दोन्ही जिल्ह्यांत ‘कोंबडबाजार’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार, म्हणजे कोंबड्यांच्या पायाला काती बांधून लावलेली झुंज आणि तिच्यावरील पैज, हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आणि जुगार प्रतिबंधक कायदा हे दोन्ही त्याला लागू होतात. परसातील कुक्कुटपालनाला सूट मागताना या प्रकाराला आडोसा मिळणार नाही, याची काळजी घ्यावयास हवी.

अभयारण्यालगतची गावे

या दोन जिल्ह्यांना आणखी एक कायदा लागू होतो, ज्याचा विचार अन्य जिल्ह्यांत क्वचितच करावा लागतो. तो म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चपराळा अभयारण्य आणि भामरागड अभयारण्य यांच्या आसपास अनेक गावे आहेत. या अधिनियमाच्या कलम ३३-अ अन्वये अभयारण्यात किंवा त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाचे सांसर्गिक रोगांविरुद्ध लसीकरण करण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करावयाची असते. अधिनियमात ‘पशुधन’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत गाय, म्हैस, शेळी यांच्याबरोबर कोंबड्यांचाही स्पष्ट समावेश आहे. लसीकरणाची मोहीम आखताना गाईगुरांची गणना होते आणि कोंबड्या मात्र सुटून जातात, असे होऊ नये म्हणून ही व्याख्या गावपातळीवर माहीत असणे उपयुक्त ठरते.

याच अधिनियमाखाली रानकोंबडा पकडणे हा गुन्हा आहे. आपली गावठी कोंबडी मूळची रानातील तांबड्या रानकोंबडीपासून माणसाळली. रूपात दोघांचे साम्य असल्याने रानातील अंडी आणून खुडूक कोंबडीखाली बसविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. रानकोंबडीची अंडी गोळा करणे हेही या अधिनियमाच्या दृष्टीने शिकारच होय.

झाकलेल्या कोंबडीचा धोका

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे ती शब्दशः लागू पडते. नियम काय आहे हे स्पष्ट नसले आणि नोटिशीची भीती असली, म्हणजे लोक कोंबड्या पाळणे सोडत नाहीत. ते त्या लपवितात. लपविलेल्या कोंबडीची नोंद होत नाही, तिला लस मिळत नाही आणि ती मेली तर कोणी सांगत नाही. खरा धोका येथे सुरू होतो.

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. शास्त्रीय व्यवहारात या रोगाला राणीखेत म्हणतात. पक्षी सुस्त होतो, हिरवट पातळ हगवण लागते, श्वासाला त्रास होतो, मान वाकडी होते आणि दोनचार दिवसांत सगळे खुराडे रिकामे पडते. या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात आणि आठ ते दहा आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचतात. देवी रोगाची लस सहाव्या आठवड्याच्या सुमारास देतात.

अडचण लसीच्या कुपीत आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. कुपी शीतपेटीतूनच आणावी लागते आणि एकदा द्रावण तयार केले की ते दोन-तीन तासांत वापरावे लागते. एका घरच्या दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणे परवडत नाही. म्हणून संपूर्ण टोल्याने किंवा प्रभागाने एकच दिवस ठरवून, पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी, सर्व कोंबड्यांना लस देणे हा व्यवहार्य मार्ग आहे. दहा घरांपैकी चार घरांनी आपल्या कोंबड्या लपविल्या, तर उरलेल्या सहा घरांचे लसीकरणही बऱ्याच अंशी वाया जाते, कारण रोग त्या चार घरांत तग धरून राहतो.

दुसरा आणि अधिक गंभीर रोग म्हणजे बर्ड फ्लू. भारतात त्याचा पहिला मोठा प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. तेथे लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि त्यांत आसपासच्या परसातील कोंबड्याही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये हा रोग चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे आढळला आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात, मानव-वन्यजीव संघर्षानंतर चंद्रपूर भागातून हलविलेले तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ विषाणूच्या संसर्गाने मरण पावले. कोंबड्यांत आढळणारा विषाणू वाघापर्यंतही पोहोचू शकतो, ही गोष्ट व्याघ्र प्रकल्पाच्या जिल्ह्यांत प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध आणि त्यांचे नियंत्रण करणाऱ्या २००९ च्या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये अनुसूचित रोगाचा संशय येताच पक्ष्याच्या मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविणे आवश्यक आहे. पंचायतीने ती खबर नजीकच्या पशुवैद्यकास द्यावयाची असते. राणीखेत आणि बर्ड फ्लू हे दोन्ही रोग या अनुसूचीत आहेत. आता ज्याला कोंबड्या पाळण्याबद्दलच दंडाची भीती आहे, तो मेलेल्या कोंबडीची खबर द्यायला पुढे कसा येईल? रोगनियंत्रणासाठी शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई देण्याची तरतूद आहे. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांना ती मिळत नाही. म्हणजे खबर लवकर देण्यात मालकाचेही हित आहे. हे हित त्याला पटावयाचे, तर कोंबड्या उघडपणे पाळता आल्या पाहिजेत.

शेजाऱ्याची तक्रार रास्त असते तेव्हा

तक्रार करणाऱ्याची बाजू नेहमीच कोती असते असे समजणे योग्य नव्हे. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला पहाटे तीनपासून आरवणारा कोंबडा नकोसा होतो. शेजारच्या वाफ्यातील मेथी-पालक उकरला जातो. पावसाळ्यात ओल्या विष्ठेची दुर्गंधी सुटते आणि माश्या होतात. ही गाऱ्हाणी खरी आहेत. त्या प्रत्येकावर साधा उपाय आहे.

आवाजाचे मूळ बहुतांशी नरात असते. अंडी मिळविण्यासाठी नर लागतो, असा गैरसमज सर्वत्र आहे. कोंबडी नराशिवायही अंडी देते. त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, परंतु खाण्यास ती तितकीच पौष्टिक असतात आणि उन्हाळ्यात अधिक काळ टिकतात. दाट वस्तीत केवळ माद्या ठेवाव्यात. पिल्ले हवी असल्यास खेड्यातील नातलगांकडून फळलेली अंडी आणून खुडूक कोंबडीखाली बसवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. देवकार्यासाठी नर लागणार असेल, तर तो काही दिवसच ठेवावा आणि शेजाऱ्यांना आधी सांगावे.

भटकण्यावर उपाय म्हणजे बांबूच्या ताट्यांचे कुंपण. बांबू या जिल्ह्यांत दुर्मीळ नाही. एका कोंबडीला रात्री निवाऱ्यासाठी दोन चौरस फूट जागा पुरते. दहा कोंबड्यांना वीस चौरस फुटांचे, जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर उभारलेले खुराडे पुरेसे आहे. खाली राख आणि भाताचा तूस पसरावा, दर आठवड्याला तो काढून खड्ड्यात टाकावा आणि वर माती लोटावी. कोरडी विष्ठा दुर्गंधी देत नाही. ती ओली होऊ न देणे एवढेच पाहावयाचे असते. काही महिन्यांनी याच खड्ड्यातून परसबागेसाठी उत्तम खत मिळते. शेजाऱ्याच्या वाफ्यालाही त्यातील दोन टोपल्या द्याव्यात.

वनालगतच्या गावांत खुराड्याची मजबुती हा जीविताचा प्रश्न आहे. मुंगूस, रानमांजर आणि साप यांचा उपद्रव जुनाच आहे. परंतु बिबट्याही कुत्री, शेळ्या आणि कोंबड्या यांच्या ओढीने वस्तीत शिरतो. २०२२ साली चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. अशा भागात रात्री कोंबड्या झाडावर किंवा उघड्या डालग्याखाली ठेवू नयेत. खुराडे घराच्या भिंतीलगत, दिव्याच्या उजेडात आणि पक्क्या जाळीचे असावे. मेलेली कोंबडी किंवा आतडी परसामागे फेकणे म्हणजे जनावराला घराची वाट दाखविणे होय. ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

मामा तलावांच्या काठावरील गावांनी हिवाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी. या दिवसांत माजी मालगुजारी तलावांवर स्थलांतरित बदके उतरतात. रानपक्षी बर्ड फ्लूचा विषाणू वाहू शकतात. म्हणून त्या काळात कोंबड्यांना तलावाच्या काठी चरू देऊ नये आणि तलावाचे पाणी पिण्यास देऊ नये. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा, सावली आणि मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून तीनचार वेळा बदललेले पाणी यावाचून कोंबडी जगत नाही.

इतरत्र काय आढळते?

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन येथे काही नागरिक नियमाविरुद्ध चोरून कोंबड्या पाळीत असत. २००४ साली तेथील नगरसभेने नियम बदलला आणि ठरावीक संख्येपर्यंत माद्या ठेवण्यास मुभा दिली. नराला मात्र मनाई कायम राहिली. इंग्लंड आणि वेल्समध्ये बर्ड फ्लूच्या अनुभवानंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून एक पक्षी पाळणाऱ्यासही नोंदणी बंधनकारक झाली. या दोन्ही उदाहरणांत सरसकट बंदी नाही. संख्येवर मर्यादा घालावी, नराचा प्रश्न वेगळा हाताळावा आणि पक्ष्यांची नोंद ठेवावी, हा त्यांतील सामान्य धागा आहे. आपली परिस्थिती भिन्न असली, तरी हा धागा आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

स्थानिक संस्थांनी काय करावे?

ग्रामपंचायतीने ग्रामसभेत विचारविनिमय करून आणि नगरपंचायतीने रीतसर उपविधीच्या मार्गाने पुढील मुद्द्यांवर नियम निश्चित करणे इष्ट ठरेल.

१) स्वतःच्या परसात किती कोंबड्या ठेवता येतील याची संख्या ठरवावी. दाट वस्तीसाठी दहा आणि विरळ वस्तीसाठी त्याहून अधिक, असा भेद करता येईल.

२) दाट वस्तीत नर ठेवण्यावर निर्बंध घालावा. सण व देवकार्य यांसाठी थोड्या दिवसांची सवलत ठेवावी.

३) रात्री कोंबड्या बंद खुराड्यात ठेवणे आणि शेजारच्या घरापासून व विहिरीपासून ठरावीक अंतर राखणे बंधनकारक करावे.

४) कोंबड्यांची नोंद विनामूल्य ठेवावी. ही नोंद कर बसविण्यासाठी नसून लसीकरणासाठी आहे, हे ठरावातच लिहावे.

५) पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने लसीकरणाचे दिवस ठरवून ते वर्षारंभीच जाहीर करावेत.

६) एकाच वेळी अनेक पक्षी मेल्यास त्याच दिवशी खबर द्यावी. अशी खबर देणाऱ्यावर कोंबड्या पाळल्याबद्दल कारवाई होणार नाही, असे आश्वासन द्यावे.

७) तक्रार आल्यास प्रथम समक्ष पाहणी करावी, त्रुटी लेखी दाखवावी आणि सुधारणेस पंधरा दिवसांची मुदत द्यावी. दंडाचा विचार त्यानंतर करावा.

या नियमांपैकी एकालाही मोठा खर्च लागत नाही. एक नोंदवही, वर्षातून तीनचार दिवस आणि थोडा समंजसपणा एवढ्यावर काम भागते.

शाळा आणि घर

शिक्षकांचा या कामातील वाटा लहान नाही. खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुणे, मेलेल्या पक्ष्याला हात न लावता मोठ्यांना सांगणे, अंडे पूर्ण शिजवून खाणे या गोष्टी मुलांना शाळेत कळल्या, तर त्या त्याच दिवशी घरी पोहोचतात. आजारी पडलेली कोंबडी घाईने विकून टाकणे किंवा कापून खाणे किती धोक्याचे आहे, हेही मुलांच्या तोंडून पालकांना अधिक पटते.

आहाराच्या दृष्टीने पाहिले, तर या प्रश्नाचे महत्त्व आणखी वाढते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. आहारतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार माणसाला वर्षाला सुमारे १८० अंडी मिळावयास हवीत. आदिवासी क्षेत्रांतील कुपोषण कमी व्हावे म्हणून राज्य शासनाने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत बालकांना अंडी देण्याची तरतूद केली, ती याच हेतूने. साधी गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच विकसित केलेल्या ग्रामप्रिया जातीच्या कोंबडीकडून, नीट सांभाळ असल्यास, दीडशेहून अधिक अंड्यांची अपेक्षा ठेवता येते. गावठी कोंबडी अंड्यांवर उत्तम बसते आणि शत्रूपासून पिल्ले राखते. म्हणून दोन्ही जाती मिळून ठेवण्यात शहाणपण आहे. पाच-सहा कोंबड्यांचे परस हे एका कुटुंबाच्या ताटातील अंड्याची बरीचशी तरतूद करू शकते.

ज्या गावाला नगराचा दर्जा मिळाला, तेथील कुटुंबांची गरज त्या दिवशी संपत नाही. रस्ते, दिवे आणि नळ यांच्या बरोबरीने परसातील कोंबडीलाही नव्या कारभारात रीतसर जागा मिळाली पाहिजे. ती जागा नियमाने दिली, तर स्वच्छता राखता येईल, रोग वेळीच कळेल आणि शेजारधर्मही टिकेल. पुढील ग्रामसभेच्या किंवा नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यास कोणत्याही नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.